कमान बुजवायची की मिटून ठेवायची?

आजचा विषय तसा घरगुती आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतल्या जुन्या घरांत दोन खोल्यांच्या मध्ये दार नसतं, कमान असते. पुढची खोली आणि मागची खोली, मध्ये पाच-साडेपाच फुटांची मोकळी कमान. घरात माणसं वाढली की एक दिवस कुणीतरी म्हणतं, "ही कमान बंद करून टाकू." मुलाचं लग्न ठरलेलं असतं, आजारी आईला शांत खोली हवी असते, नातीची दहावी असते, किंवा दोन भावांच्या चुली वेगळ्या व्हायच्या असतात. कारण काहीही असो, गवंडी येतो, टेप लावून बघतो आणि सांगतो, "दोन दिवसांचं काम आहे."

तो खोटं बोलत नाही. काम खरंच दोन दिवसांचं आहे. पण त्या दोन दिवसांत चार गोष्टी ठरून जातात : इमारतीवर वजन किती पडणार, मागच्या खोलीत हवा कुठून येणार, संकटात बाहेर कुठून पडायचं, आणि कागदावर हे घर काय राहणार. या चारही गोष्टी आज क्रमाने बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको. आपण छत्री मिटतो, पुस्तक मिटतो, कारण पुन्हा उघडायचं असतं. खड्डा मात्र बुजवतो. जुन्या घरातली कमान बंद करायला हरकत नाही, पण ती मिटावी, बुजवू नये. पुन्हा उघडता येईल अशा रीतीने केलेलं काम हलकं असतं, स्वस्त असतं, आणि कायद्याच्या दृष्टीनेही बहुतेक वेळा तेच सोयीचं ठरतं.

कमान तिथे काय करते?

कमान म्हणजे भिंतीतलं भोक असं आपल्याला वाटतं. खरं तर ते भोक टिकवून धरणारी ती यंत्रणा असते. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. दोन भिंतींवर आडवी वीट-चुन्याची पट्टी टाकली तर ती मधून वाकते, खालच्या बाजूला ताण येतो आणि तुटते. कमानीत विटा अशा लावलेल्या असतात की वरून वजन आलं की प्रत्येक वीट शेजारच्या विटेला दाबते. तो दाब वळणावरून घरंगळत दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. उतरताना तो त्या भिंतींना थोडं बाहेरही ढकलतो. म्हणून कमानीच्या दोन्ही बाजूंना भिंतीचा जाड भाग ठेवलेला असतो. ते तिचे खांदे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कमान पोकळी रिकामी असतानाच आपलं काम करते, तिला आधार म्हणून आत भिंत भरायची गरज नाही. दुसरी, तिचे खांदे कापायचे नाहीत. कपाट बसवायला, स्विचबोर्ड खोल लावायला किंवा दाराची चौकट रुंद करायला खांद्यात खाचा पाडतात, तेव्हा खरं नुकसान होतं. कमान बंद करण्यापेक्षा बंद करताना केलेली तोडफोड जास्त महागात पडते.

तुमची कमान खरी आहे का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण आपल्या भागात किमान तीन प्रकारची कमान सापडते.

पहिला प्रकार गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवीकडच्या जुन्या इमारतींचा. वीट आणि चुना यांच्या जाड भिंती, त्यावर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर लादी. इथली कमान बहुधा खरी असते, म्हणजे वरचं वजन तिच्यावर असतं. भिंत नऊ इंच, चौदा इंच किंवा त्याहून जाड असते. काही चाळींत मात्र मधली भिंत लाकडी सांगाड्याची असते आणि सांगाड्याच्या चौकटींत विटा भरलेल्या असतात. तिथे कमानीचा आकार दिसतो, पण वजन लाकडी खांब आणि वरची तुळई घेत असते.

दुसरा प्रकार परळ, लालबाग, नायगाव, वरळीकडचा. गिरणगावात खाजगी चाळी आहेत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी आहेत आणि १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी आहेत. बीडीडी चाळी काँक्रीटच्या. खोली १६० चौरस फुटांची. मूळ बांधकामात एका खोलीत कमान असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा ठिकाणी कमान दिसली तर ती पुढे कुणीतरी शेजारची खोली घेऊन मधली भिंत फोडून केलेली असण्याची शक्यता जास्त. ती बंद करणं म्हणजे मूळ भिंत परत आणणं. तिथे प्रश्न वेगळा असतो : भिंत फोडताना वर आधार काय दिला होता? काही दिला होता का?

तिसरा प्रकार दादरचा. हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क या बाजूच्या १९३०-४०च्या अनेक इमारतींत काँक्रीटचे खांब आणि बीम आहेत. वजन त्यांच्यावर. दिवाणखान्यातली कमान असली तरी ती सरळ लिंटेलखाली गिलाव्याने वळण देऊन केलेली असू शकते. त्यात १९८०-९०च्या काळात पीओपीच्या कमानींची लाट आली. मग हॉल आणि पॅसेजच्या मध्ये महिरप आली. ती शुद्ध सजावट. काढली तरी इमारतीला पत्ता लागणार नाही.

ओळखायचं कसं? बोटाच्या पेराने ठोकून बघा. पीओपी किंवा प्लाय असेल तर पोकळ आवाज येतो. भिंतीची जाडी मोजा. साडेचार इंचांची भिंत सहसा वजन घेत नाही, नऊ किंवा त्याहून जास्त असेल तर घेत असेल असं धरून चाला. गिलावा कुठे निघालेला असेल तर आत बघा. विटा पंख्यासारख्या उभ्या, वळणाला धरून लावलेल्या असतील तर कमान खरी. आडव्या थरांत असतील आणि फक्त कडेला गिलाव्याची जाडी वाढवलेली असेल तर कमान दिखाऊ. आणि वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का, ते विचारून घ्या. शेजाऱ्यांकडे चहाला जाण्याचं हे उत्तम निमित्त आहे.

वजनाचा हिशेब

आता आकडे. समजा कमानीची पोकळी पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे. ढोबळ चाळीस चौरस फूट, म्हणजे पावणेचार चौरस मीटरच्या आसपास.

ती नऊ इंची विटांनी भरली आणि दोन्हीकडून गिलावा केला, तर साधारण पावणेदोन टन वजन होतं. साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत घातली तर साधारण एक टन. चार इंची हलक्या एएसी ब्लॉकची गिलाव्यासह चारशे किलोच्या आसपास. आणि पत्र्याच्या चॅनेलवर दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड किंवा लाकडी चौकटीवर प्लाय लावला, तर सुमारे शंभर किलो. म्हणजे कपड्यांनी भरलेलं एक लोखंडी कपाट.

एक टन म्हणजे किती? पंधरा मोठी माणसं एका पाच फुटी रेषेत दाटीवाटीने उभी करा, आणि ती तिथून कधीच हलणार नाहीत असं समजा. आज आपण राहत्या घराची जमीन आखताना एका चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरतो. जुन्या सागवानी जमिनी तर या हिशेबाने आखलेल्याही नव्हत्या. सुताराच्या आणि मिस्त्रीच्या अनुभवाने त्या घातल्या गेल्या, आणि शंभर वर्षं पाणी, वाळवी आणि मोरीची गळती सोसून त्या आज उभ्या आहेत.

हे एक टन उतरतं कुठे? तुमच्या खाली कमानीच्या रेषेत तशीच भिंत आणि तशीच कमान असेल, तर ते खालच्या कमानीच्या माथ्यावर जातं. खाली लाकडी तुळई असेल तर तिच्या मध्यावर, म्हणजे तिच्या सर्वांत दुबळ्या जागी. आणि तळमजल्यावर दुकान असेल आणि दुकानदाराने कधीकाळी मधली भिंत काढून लोखंडी गर्डर टाकला असेल, तर सगळा भार त्या गर्डरवर. म्हणून माझा पहिला सल्ला असा : कमान बंद करण्याआधी जिना उतरून खालच्या घरात जा. तिथे काय आहे ते बघा. तुमच्या घरात बसून याचं उत्तर मिळणार नाही.

आपण एकटे राहत नाही, एकावर एक राहतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि सतरा माणसं गेली. तपासाचा रोख तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवर होता. तिथला प्रश्न कमानीचा नव्हता, हे खरं. पण एका मजल्यावरचं अंतर्गत काम ही त्या मजल्यापुरती बाब नसते, हे शिकण्यासाठी यापेक्षा मोठं उदाहरण नको.

कशी मिटायची?

खरी कमान असेल तर पद्धत अशी ठेवा.

काम काढण्याआधी कमानीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. काही महिन्यांनी तडा रेघेच्या पुढे गेला असेल, किंवा माथ्यावरच्या विटाच खाली सरकलेल्या दिसत असतील, तर सुताराला थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. चालू तडा पडद्याआड लपवणं हे सगळ्यांत वाईट.

चौकट लाकडाची किंवा पत्र्याच्या चॅनेलची करा. ती कमानीच्या आत उभी राहील, कमानीच्या भिंतीचा भाग होणार नाही. गवंडी जुन्या भिंतीला दात पाडून नव्या विटा गुंतवतात, तसं करायचं नाही. स्क्रू मारायचेच तर विटांच्या सांध्यात, चुन्यात मारा. वीट फुटली तर परत तशी मिळत नाही, सांधा भरता येतो.

वरच्या वळणाखाली अर्ध्या इंचाची फट ठेवा. ती फोमच्या पट्टीने भरा आणि वरून लाकडी पट्टी लावून झाका. ही फट फार महत्त्वाची. जुनी इमारत हलते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, रस्त्यावरून बेस्टची बस गेली की थरथरतं. फट नसेल आणि खाली वीट घट्ट ठासलेली असेल, तर कमान जरा बसली की तिचं वजन तुमच्या नव्या भिंतीवर येतं. ज्या भिंतीने फक्त आडोसा द्यायचा होता, ती नकळत खांब होते. पुढे कुणी ती निष्पाप समजून तोडली, की वरचं सगळं हलतं.

चौकट भिंतीच्या तोंडापासून एक-दोन इंच आत बसवा. कमानीची कड दिसत राहते. दिसायला बरं, आणि पुढच्या पिढीला इथे कमान आहे हे सांगायला कुणी लागत नाही.

मोरी जवळ असेल तर खालच्या दीड-दोन फुटांत जिप्सम नको, सिमेंट बोर्ड लावा. जिप्सम पाणी पितं. लाकडाला वाळवीचं औषध मारून घ्या. आणि शक्य असेल तर काम दिवाळीनंतर काढा. आपल्या पावसाळ्यात ओली भिंत वाळत नाही आणि ओलं लाकूड नंतर वाकडं होतं.

तुमचा हट्ट विटांचाच असेल तर? तळमजल्यावर, खाली पक्की जमीन असेल तर अर्ध्या विटेची भिंत घालता येईल. पण गारा चुन्याचा वापरा, किंवा निदान सिमेंट कमी असलेला. जुनी वीट आणि चुना मऊ असतात, ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. त्यांच्या शेजारी कडक सिमेंट आलं की ओल अडते, मग ती जुन्या विटेतून वाट काढते, पोपडे निघतात, आणि नव्या-जुन्याच्या सांध्यावर उभी चीर पडते. वरच्या मजल्यांवर मात्र इंजिनिअरने लेखी सांगितल्याशिवाय वीट नको.

हवा आणि उजेड

आपल्या जुन्या खोल्यांची रचना आठवा. पुढे गॅलरी, गॅलरीकडे दार आणि खिडकी. मागच्या खोलीला मागच्या बाजूची खिडकी, बऱ्याचदा अरुंद बोळाकडे उघडणारी. वारा पुढून शिरतो, कमानीतून जातो आणि मागून निघतो. कमान बंद केली की दोन खोल्या होतात, पण वाऱ्याची एक वाट जाते. पुढच्या खोलीला निदान गॅलरी उरते. मागच्या खोलीत नवं जोडपं किंवा आजारी आजी राहणार असते, आणि तिथेच हवा कोंडते.

या शहराने हवा कोंडण्याची किंमत एकदा मोजली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढे साथ पसरली, लोक शहर सोडून गेले, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याच ट्रस्टने आखल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा चढ साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. भूमितीत याचा अर्थ असा की समोरच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे पुढे कळलं, पण अंधारी, कोंदट खोली माणसाला आजारी करते हा धडा चुकीचा नव्हता. क्षयरोगाच्या बाबतीत तो आजही खरा आहे.

आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडझाप असावी असं मान आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे वीस चौरस फूट. आपल्या मागच्या खोलीची खिडकी बहुतेक वेळा चार बाय तीन, म्हणजे बारा चौरस फूट. म्हणजे कमान उघडी असते तोवर ती तूट पुढून भरून निघते. बंद केली की उघडी पडते.

उपाय सोपा आहे आणि तो कमानीच्या आकारातच आहे. कमानीचा वरचा अर्धगोल बंद करू नका. खालचे साडेपाच-सहा फूट पक्के ठेवा, वर झडपा लावा किंवा उघडमीट होणारी काच. गरम हवा वर जाते आणि तिथूनच निघते. उजेडही पलीकडे जातो. आपल्या जुन्या दारांवर रंगीत काचांचे झरोके असायचे, ते शोभेसाठी नव्हते. मात्र यात एक तडजोड आहे. हवा जाईल तिथून आवाजही जाईल. रात्री झडप मिटा, दिवसा उघडा. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळणार नाही.

बाहेर पडायची वाट

आता तिसरी गोष्ट, जी सगळ्यांत जास्त विसरली जाते. मागच्या खोलीला गॅलरीत उघडणारं स्वतंत्र दार आहे का? नसेल, तर कमान हीच तिची वाट आहे. तिथे दार ठेवावंच लागेल, आणि ते मागच्या खोलीतल्या माणसाला आतून उघडता आलं पाहिजे. पलीकडच्याने कुलूप घालायचं नाही.

दोन्ही खोल्यांना गॅलरीत दार असेल तरी मधलं छोटं दार ठेवा, कडी लावून. जुन्या चाळीत जिना लाकडाचा, वायरिंग जुनं, स्वयंपाक घरातच. आग पुढच्या खोलीत लागली तर मागच्याने, आणि मागे लागली तर पुढच्याने बाहेर पडायला दुसरी वाट हवी.

खोल्या वेगळ्या झाल्या की मागे दुसरी शेगडी येते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे वरचा झरोका स्वयंपाकाच्या खोलीला पुरत नाही, खालीही जाळी हवी. पोटमाळा कमानीवरून दोन्ही खोल्यांत गेलेला असेल तर त्यावरचं सामान दोन्हीकडून मोजा. दोन घरांचं अडगळीचं वजन एकाच तुळईवर येतं. आणि मोरी एकच असेल तर भिंत घालण्याआधी तिचं ठरवा. मोरी कुणाकडे, नळाची वेळ कुणाची, हे ठरल्याशिवाय झालेली वाटणी पहिल्याच आठवड्यात दार ठोठावायला लावते.

कागद काय म्हणतो?

आपल्यापैकी बरेच जण पागडीचे किंवा जुने भाडेकरू आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ नुसार घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर जागा खाली करून मागण्याचं ते एक कारण होऊ शकतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही कामं 'कायमस्वरूपी' या व्याख्येतून वगळलेली आहेत, जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेली. त्या यादीत लाकडी पार्टिशन आहे, दार आहे, जाळीकाम आहे, हवेसाठी खिडकी आहे, स्वयंपाकाचा ओटाही आहे. विटांच्या भिंतीचं नाव त्या यादीत नाही. बांधकाम कायमस्वरूपी आहे का, हे बघताना न्यायालयं त्यामागचा हेतू, ते कसं जोडलंय, आणि मूळ जागेला इजा न करता काढता येतं का, हे तपासतात. म्हणजे इंजिनिअर ज्या कारणाने हलकी, सुटी चौकट सुचवतो, त्याच कारणाने वकीलही तीच सुचवेल.

महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ३४२ खाली फेरबदलांची सूचना देण्याची तरतूद आहे. रंग, गिलावा, लादी यांसारख्या किरकोळ दुरुस्त्या तिच्यातून सुटतात. भिंतींना हात लागणार असेल तर वॉर्ड ऑफिसात विचारूनच घ्या. इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असेल, तर मंडळाच्या अभियंत्यालाही कळवा. आणि तुमच्या इमारतीला टेकू लागलेले असतील, तर कमानीचा विचार सोडा. टेकू लागलेल्या इमारतीत एक किलोसुद्धा वाढवू नये. फ्लॅट सोसायटीचा असेल तर कमिटीचं पत्र घ्या.

आता मुद्द्याचं. काही घरांत कमान विटांनी बंद करण्यामागे एक न बोललेली आशा असते : पुनर्विकासात दोन घरं मिळतील. तसं होत नाही. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास होतो, तेव्हा हक्क भाडेकरारावर मोजतात, भिंतींवर नाही. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेला नवा भाडेकरार धरला जात नाही. किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं ते एका भाडेकराराला एक. मध्ये भिंत घातल्याने एका पावतीच्या दोन पावत्या होत नाहीत. भावाभावांत हक्काचा प्रश्न असेल तर तो आजच लेखी मिटवा, वकिलासमोर. गवंड्याकडून मिटवू नका.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : नुसता पडदा किंवा सरकती दारं चालणार नाहीत का?

चालतील. गिरणगावात एका खोलीत दोन-दोन संसार पडद्यावर आणि साडीच्या आडोशावर झाले आहेत. पडद्याला वजन नाही, परवानगी नाही. एकांत मात्र फक्त नजरेपुरता मिळतो. सरकती किंवा घडीची दारं हा चांगला मधला मार्ग आहे. फक्त त्यांची पट्टी कमानीच्या वळणाला टांगू नका. स्वतंत्र चौकट उभी करा आणि दारं तिला टांगा.

प्रश्न : प्लायमधून सगळं ऐकू येतं. वीट घातल्याशिवाय आवाज थांबेल का?

एकेरी प्लाय आवाज थांबवत नाही, हे बरोबर. पण दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल भरली, तर ती भिंत अर्ध्या विटेच्या भिंतीच्या बऱ्यापैकी जवळ जाते. त्याहून महत्त्वाच्या आहेत फटी. आवाज पाण्यासारखा असतो, बोटभर फट राहिली तरी त्यातून येतो. कडा, दाराखालची जागा, वायर गेलेलं भोक, हे आधी बुजवा. इथे मात्र बुजवा असंच म्हणतो.

प्रश्न : आमची कमान पीओपीची आहे. मग विटा घालायला काय हरकत?

कमानीला हरकत नाही, जमिनीला आहे. विटांचं वजन तितकंच राहतं. स्लॅबच्या इमारतीतही भिंतीखाली बीम आहे की नाही ते बघावं लागतं. हलकी चौकट घाला, प्रश्नच मिटला.

प्रश्न : आमच्या आधीच्या भाडेकरूने कमान विटांनी बंद केलेली आहे. ती उघडायची आहे. सरळ फोडू का?

अजिबात नाही. मघाशी सांगितलं तसं, वीस-तीस वर्षांत त्या भरावावर वजन आलेलं असू शकतं. आधी माथ्याजवळची एखाद-दुसरी वीट हाताने काढून बघा. फट असेल, वीट सैल निघाली, तर बरं लक्षण. घट्ट असेल, किंवा काढताना वर चीर पडली, तर काम थांबवा, दोन्ही बाजूंनी टेकू द्या आणि इंजिनिअरला दाखवा. तो हो म्हणाला की वरून खाली, एकेक वीट. ड्रिल मशीन नको. आणि डेब्रिज वरच्या मजल्यावर ढीग करून ठेवू नका. ते वजनही त्याच जमिनीवर असतं.

प्रश्न : खर्चाचं काय?

भाव दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून आकडा देत नाही. पण तुलना करताना फक्त भिंत घालण्याचा खर्च मोजू नका. विटांच्या भिंतीत डेब्रिज, गिलावा, वाळायचे दिवस आणि कधीतरी ती काढायचा खर्च धरा. आणि इंजिनिअरच्या एका भेटीची फी धरा. एवढ्या सगळ्यात ती फी सहसा सर्वांत लहान असते, आणि लोक नेमकी तीच वाचवतात.

वेळ संपली. घरी गेल्यावर एक करा. कमानीखाली उभे राहून वर बघा, मग खाली बघा, आणि मग जिना उतरून खालच्यांना विचारा की त्यांच्या डोक्यावर नेमकं काय आहे. बाकीचं ठरवायला त्यानंतर फार वेळ लागत नाही.